सतरा नंबरचा टप

सकाळी वीज गेली म्हणून पंप दुपारी चालू झाला, आणि पंप दुपारी चालू झाला म्हणून मीठबाईच्या नजरेस ते पाणी पडलं. एरवी पंप पहाटे चालायचा. छतावरची गोड्या पाण्याची टाकी भरायची, जादाचं पाणी नळीतून वाहून जायचं, आणि बाई कामावर येईपर्यंत भिंतीवरचा ओघळ वाळून गेलेला असायचा. तीन वर्षं हे असंच चाललं होतं. आपला घात झालाय हे कळायलासुद्धा माणसाला वीज जावी लागते.

मीठबाई हे काही तिचं खरं नाव नव्हे. त्या केंद्रावर खाऱ्या जमिनीत तग धरील असा गहू तयार करायचं काम चालायचं, आणि रोपांना मिठाचं पाणी पाजण्याची जबाबदारी तिची. मोठ्या पिंपात मीठ कालवायचं, खारेपणा मोजायच्या मीटरची दांडी बुडवायची, आकडा बाराच्या आसपास आला की तेच पाणी ओट्यावरच्या साठ टपांना सारखं मोजून घालायचं. प्रत्येक टपात गव्हाचा एक वेगळा वाण. जो पिवळा पडून मेला तो मेला, जो तगला त्याचं बी पुढच्या हंगामाला. बारा वर्षं तिनं हेच केलं होतं. काय काम करता असं कोणी विचारलं तर म्हणायची, "गव्हाला छळते आणि पगार घेते."

या कामात एक नियम होता. ओट्याच्या एका कोपऱ्यात ऊन जास्त, दुसऱ्यात वारा जास्त. एकाच टपाला कायम चांगली जागा मिळाली तर तो वाण उगाचच शहाणा ठरायचा. म्हणून दर पंधरा दिवसांनी डब्यातून चिठ्ठ्या काढायच्या आणि जी जागा निघेल तिथं ज्याचा त्याचा टप हलवायचा. मोठे सर बाकी बाबतीत गरीब गाय, पण या बाबतीत फार कडक. "बाई, दुसरं काही चुकलं तर आपण निस्तरू," ते म्हणायचे, "पण टप हलवायचं चुकवू नका."

बाईनं चुकवलं नव्हतं. म्हणजे, एकोणसाठ टपांचं चुकवलं नव्हतं.

प्लास्टिकचे टप आले तेच मुळी एकोणसाठ. साठावा येईपर्यंत सरांनी अडगळीतला सिमेंटचा जुना टप वापरायला सांगितला, आठवडाभरापुरता. कचेरीतला आठवडा तो, तीन वर्षं झाली तरी संपला नाही. मातीनं भरलेला तो टप दोन दांडगे गडी लागल्याशिवाय जागचा हलत नसे. पहिल्या वेळी तिनं शेतावरचे गडी बोलावले. दुसऱ्या वेळी बोलावले तेव्हा त्यांनी तोंडं वाकडी केली. आणखी एकदा विनवण्या करायच्या, आणखी एकदा त्यांची टोमणेबाजी ऐकायची, याचा तिला असा धसका बसला की तिसऱ्या वेळी तिनं कोणाला बोलावलंच नाही. एकोणसाठ टप ढकलगाडीवरून हलवले आणि वहीत साठ लिहिले. एका टपानं काय आभाळ कोसळणार आहे, असं म्हणाली आणि घरी गेली. पुढच्या वेळी तेवढंही म्हणावं लागलं नाही.

त्या सिमेंटच्या टपावर पांढऱ्या रंगात आकडा होता, सतरा.

आणि तीन हंगाम साठ टपांत सगळ्यात देखणा गहू आला तो सतरामध्ये. बाकीच्यांची पानं टोकापासून करपत गेली, सतराचं पान हिरवं ते हिरवं. सरांनी तो एक वर्ष समुद्राकाठच्या खाऱ्या शेतातही लावून बघितला. त्या वर्षी पाऊस असा धो धो झाला की जमिनीतलं निम्मं मीठ धुऊन गेलं, पण ते कोणी मनावर घेतलं नाही, कारण टपातला निकाल समोर होता. सतराचं बी वाढवलं गेलं. गोदामात पोत्यांची थप्पी लागली. उद्या सकाळी दोन ट्रक भरून ती पोती किनाऱ्यावरच्या दोनशे घरांत जायची होती.

आणि आता मीठबाई जेवणाचा डबा हातात धरून उभी होती. छतावरच्या नळीतून गोडं पाणी भिंतीवरून ओघळत, कुठेही इकडंतिकडं न जाता, थेट सतरा नंबरच्या टपात उतरत होतं. टपाच्या मागे हातभर उंचीपर्यंत भिंत शेवाळानं हिरवीगार झाली होती. ओट्यावर मिठाचं पाणी सांडतं तिथं असं शेवाळ धरत नाही, हे तिला कोणी शिकवायला नको होतं. ते शेवाळ ती रोज बघत होती. बघून तिला बरंच वाटायचं, कोपरा कसा गार आहे म्हणून.

 

डबा तिनं ओट्यावरच ठेवला. मोजमाप नेहमी पिंपातल्या पाण्याचं व्हायचं, टपातल्या मातीचं कोणी कधी केलं नव्हतं. तिनं अठरा नंबरच्या टपातली मूठभर माती घेतली, शुद्ध पाण्यात ढवळली, गाळ खाली बसू दिला आणि मीटरची दांडी बुडवली. साडेसहा. मग सतराची माती घेतली. तीही तशीच ढवळली आणि दांडी बुडवली. आकडा वर चढेल म्हणून ती वाट बघत राहिली. मीटर बिघडला असेल म्हणून तिनं दांडी धुतली, पुसली, पुन्हा बुडवली. आकडा एकालाही पोचला नाही.

म्हणजे सतरा नंबर मीठ प्यालाच नव्हता. ती रोज संध्याकाळी त्याला खारं पाजायची आणि टाकी रोज पहाटे त्याचं तोंड धुऊन द्यायची. तीन वर्षं लाडात वाढलेलं ते रोप तिनं जगाला पहिलवान म्हणून दाखवलं होतं.

पहिला विचार तिला ट्रकांचा यायला हवा होता, दोनशे घरांचा यायला हवा होता. पण आला तो ताईचा.

ताई तिची थोरली बहीण. किनाऱ्यावरच्या त्या दोनशे घरांतलं एक घर ताईचं. दोन वर्षांमागे समुद्र बांध फोडून शेतात शिरला तेव्हापासून ताईच्या जमिनीवर उन्हाळ्यात मिठाचा पांढरा पापुद्रा धरायचा. भावजी त्या धक्क्यानं खचले आणि गेले. शहरातला मुलगा रोज फोन करायचा, आई, आता पुरे कर, इकडं ये. शेवटी ताईनं त्याला शब्द दिला होता, या हंगामाला घरापुरतं धान्य आलं नाही तर कुलूप लावून येते. दिलेला शब्द ताई मोडायची नाही. आणि शहरातल्या त्या दोन खोल्यांत ताई वर्षभरसुद्धा काढणार नाही, हे बारकीला ठाऊक होतं. बारकी म्हणजे मीठबाईच. बहिणीच्या तोंडी तिचं नाव तेच राहिलं होतं.

ताईला सतराचं बी सगळ्यांच्या आधी मिळालं होतं. "तुमच्या ताईंना पहिलं पोतं," सर म्हणाले होते, "तुमच्याच हातचं आहे ते." दहा दिवसांपूर्वी बाईनं दोन पोती स्वतः नेऊन दिली होती. वर सांगून आली होती, "तो तुझा तांबडा गहू आता कोंबड्यांना घाल. मूठभर पिकतो, वर खायला कडू. याच्यापुढे त्याची काय मिजास." ताई म्हणाली होती, "बरं."

तिनं ताईला फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. ताईचा फोन फळीवर असायचा आणि ताई शेतात. तिनं चार वेळा लावला. मग तिला वाटलं, सरांकडे जावं. लगेच वाटलं, नको. आधी ताईकडे जावं, सरांना उद्या सांगू. मग वाटलं, उद्यापर्यंत ट्रक जातील. मग वाटलं, जाऊ देत, शेवाळाचं काय, ते खरडूनही काढता येईल. हा शेवटचा विचार डोक्यात आला तेव्हा ती स्वतःलाच घाबरली, आणि धावतच सरांच्या खोलीकडे निघाली.

सर खिडकीशी बसून उद्याच्या समारंभाचं भाषण लिहीत होते. दोन वर्षांनी निवृत्त होणारा माणूस. आयुष्यात एकदा त्यांच्या नावापुढे काहीतरी लागायची वेळ आली होती.

"सर, सतरा नंबर खोटा आहे," ती म्हणाली. आधी जुळवून ठेवलेली सगळी वाक्यं दारातच सांडली.

सर हसले. "बाई, उद्याच्या धावपळीनं तुम्हीसुद्धा..." मग त्यांनी तिच्या तोंडाकडे बघितलं आणि पेन खाली ठेवलं.

तिनं सांगितलं. टाकीचं पाणी सांगितलं, शेवाळ सांगितलं, मीटरचे दोन आकडे सांगितले. टप हलवला नव्हता, हे वाक्य मात्र तिला दोनदा म्हणावं लागलं.

"कधीपासून?" सरांनी विचारलं.

"पहिल्या हंगामापासून."

"वहीत तर साठच्या साठ आहेत."

"मी लिहिले सर."

 सरांनी खणातून वही काढली आणि एकेक पान उलटत गेले. सर चिडले असते तर तिला सोसलं असतं. पण सर घाबरले होते, आणि घाबरलेला साहेब तिनं कधी बघितला नव्हता.

"त्या प्रत्येक पानावर माझी सही आहे," ते हळू आवाजात म्हणाले. मग, "आणखी कोणाला बोललात?"

"कोणाला नाही."

दोघांनी एकमेकांकडे बघितलं. त्या खोलीत त्या वेळी काय चाललं होतं ते सांगायला शहाणपण लागत नाही. सर म्हणाले असते, बाई, हे आपल्या दोघांत राहू दे, तर ती राहू देणार होती. आनंदानं. त्यांच्या पाया पडून. सर म्हणतील याची तिला भीती वाटत होती आणि सर म्हणणार नाहीत याचीही.

सरांनी भाषणाचा कागद उलटा ठेवला आणि गोदामात फोन लावला. "उद्याचं बी जाणार नाही. एकही पोतं नाही. कारण मी लेखी देतो." फोन ठेवून म्हणाले, "बाहेर किती गेलंय?"

"दोन पोती. माझ्या बहिणीकडे."

"पेरलं?"

"माहीत नाही सर. फोन उचलत नाही."

"मग इथं काय उभ्या आहात, जा."

बस मिळाली, पण ती बस कसली, प्रत्येक झाडाला विचारत चालली होती. बाई खिडकीला टेकून बसली आणि मनातल्या मनात हिशेब करत राहिली. ओल कधी आली असेल, ताई पेरणीला कधी लागली असेल, उगवलं असलं तर किती वर आलं असेल. उगवणार हे नक्की होतं. खाऱ्यात गहू फसवतो तो असाच. दोन पानांवर येईपर्यंत तरारून दिसतो, माणूस खूश होतो, मग एक दिवस पानाचं टोक भाजल्यासारखं होतं. हजारो रोपं तिनं तशी जाताना बघितली होती, वहीत फुल्या मारत. ताईच्या शेतात फुली मारायला वही नव्हती. तिथं कुलूप होतं.

आणि बी देऊन आलेला तो दिवस तिच्या मनातून जाईना. ओसरीवर बसून तिनं ताईला सगळी तारीफ ऐकवली होती, कसं मीठ मोजते, कसे टप फिरवते, दर पंधरा दिवसांनी एकूण एक टप स्वतःच्या हातानं.

"साठच्या साठ?" ताईनं गहू निवडता निवडता विचारलं होतं.

"साठच्या साठ."

"सिमेंटचा एक आहे म्हणालीस ना मघाशी, तोसुद्धा?"

"तोसुद्धा," बारकी म्हणाली होती, डोळ्याची पापणीही न हलवता. ताई पुन्हा खाली बघून खडे वेचायला लागली होती.

ती उतरली तेव्हा ऊन कलत आलं होतं. बांधावरून चालताना तिनं मान वर केली नाही, पायाखालच बघत गेली. मग बघावंच लागलं. ताईचं सगळं शेत पेरून झालं होतं. वाफे सपाट, कडा रेखलेल्या, मातीवर अजून ओल. आणि बांधालगत कोवळ्या हिरव्या रेघा वरही आल्या होत्या. बोटभर उंच. तरारलेल्या.

तिथंच ती मटकन खाली बसली.

ताई हापशावर पाय धूत होती. पन्नाशीच्या बहिणीला बांधावर फतकल मारून बसलेली बघून ती ओल्या पायांनीच आली. "काय गं, अशी अवेळी? जेवलीस का?"

"ताई, पेरलंस?"

"पेरलं की. दिसत नाही का?"

"सगळं?"

"सगळं शेत पेरलं. का?"

मग बारकीनं सांगितलं. सरांना सांगताना निदान शब्द तरी होते. इथं नुसतं रडू, मध्येच टाकी, मध्येच शेवाळ, मध्येच मीटर. "मी तुझं घर बुडवलं ताई. तू जाशील तिकडं, त्या खोल्यांत, आणि माझ्यामुळे जाशील."

ताईनं तिला बोलू दिलं. पाय वाळले तिचे, तरी बोलू दिलं. मग म्हणाली, "हे दिसतंय ना उगवलेलं, बांधालगतचे चार वाफे, तेवढाच तुझा सतरा. बाकी सगळा तांबडा आहे. अजून वर यायचाय, त्याला उशीरच लागतो. मूठभर का होईना, खाऱ्यात तो पिकतो."

बारकीला आधी कळलंच नाही. "तांबडा तर कोंबड्यांना..."

"कोंबड्यांना मी काय घातलं ते कोंबड्यांना विचार. तुझं एक पोतं तसंच पडलंय आत, शिवण उसवलेली नाही. तू एवढ्या हौसेनं आणलंस म्हणून दुसऱ्याचे चार वाफे पेरले. तुझं मन मोडवेना."

बाईच्या छातीवरचा दगड उतरला, आणि उतरता उतरता पायावर पडावा तसं काहीतरी झालं. "म्हणजे तुझा माझ्यावर विश्वासच नव्हता."

"विश्वासाचं काय घेऊन बसलीस. मी तुला ओळखते." ताई तिच्या शेजारी बांधावर बसली. "स्वयंपाकघरातला रांजण आठवतो? एक दिवसाआड भरायची पाळी तुझी. मोठी कळशी तुला उचलायची नाही, लहान तांब्यानं कंटाळा यायचा. निम्मा भरायचीस आणि आईला सांगायचीस, भरला."

"आई कधी काही बोलली नाही. रांजण तर भरलेलाच असायचा सकाळी."

"असायचाच. मी भरायचे. तू झोपलीस की."

"किती दिवस?"

"दिवस कसले, माझं लग्न होईपर्यंत." ताईनं पदरानं हात पुसले. "त्या दिवशी तू म्हणालीस, सिमेंटचा टप स्वतःच्या हातानं हलवते. तुझ्या या कमरेनं. तेव्हाच मी तांबड्याचं पोतं माळ्यावर ठेवलं."

बारकी त्या चार वाफ्यांकडे बघत राहिली. इतकी वर्षं तिला वाटत होतं की आपलं खोटं कोणाला कळत नाही, म्हणून त्यानं कोणाचं काही बिघडत नाही. लहानपणी कोणीतरी मागून येऊन ते रोज भरून काढत होतं, टपाच्या वेळी मात्र मागून कोणीच आलं नव्हतं.

"मग बोलली का नाहीस कधी?" तिनं विचारलं.

"तू आधीच इतकी भित्री. बोलले असते तर भीतीनं आणखी एक खोटं बोलली असतीस." ताई उठली. "आणि आता बोललीस ना आपणहून, सरांना आणि मला. चल, ते पोतं परत घेऊन जा. इथं राहिलं तर कोणी शेजारी मागायला येईल, आणि मला नाही म्हणवणार नाही. शेवटची बस आहे अजून."

आतल्या खोलीत पोतं भिंतीला टेकून उभं होतं, पांढऱ्या कापडावर सतरा आकडा, बाईच्याच अक्षरातला. तिनं खाली वाकून त्याचे दोन्ही कान धरले आणि ओढलं. पोतं तसूभर हललं आणि कमरेत कळ गेली. "उचलते मी," हे तिच्या ओठांवर आलंच होतं, सवयीनं. दारात ताई उभी होती. नुसती बघत.

"ताई," ती म्हणाली, आणि एवढंसं वाक्य बोलायला तिला दिवसभरातल्या सगळ्या बोलण्यापेक्षा जास्त भीती वाटली, "मला नाही उचलत हे. दुसरं टोक धरशील?"

ताई आत आली आणि तिनं दुसरं टोक धरलं.